बस वळायला साडेतीन गुंठे

दहावीचा निकाल लागला त्या दिवशी वडील मला म्हणाले, बस गावात येत असती तर तुला कॉलेजला घातली असती. आवाजात राग नव्हता, उलट थोडी हळहळच होती. पण मला त्या वयातही कळलं, की माणसाला नाही म्हणायचं असलं आणि नाही म्हटल्याचं खापर आपल्यावर नको असलं, की तो भलतंच काहीतरी पुढं करतो. माझ्या वडिलांनी बस पुढं केली.

खोटं ते बोलले नव्हते. आमचं गाव कोल्हापुरातून गगनबावड्याला जाणाऱ्या रस्त्यावर, पण मुख्य रस्त्यापासून आत. शहरातली बस फाट्यापर्यंत यायची, तिथल्या रुंद रस्त्यावर वळायची आणि परत जायची. फाट्यापासून गाव दोन किलोमीटर, आणि दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस. त्या रस्त्यानं तरण्या पोरीनं एकटीनं जायचं नाही, हा नियम आमच्याकडं कुणी लिहिलेला नव्हता आणि कुणी मोडतही नव्हतं.

फाट्यापर्यंत जायला वडापच्या दोन जीप होत्या. वडापची गाडी म्हणजे माणसं कोंबून भरल्याशिवाय जागची न हलणारी खासगी गाडी. दोन्ही जीप गावातल्या एकाच माणसाच्या, आणि तो ग्रामपंचायतीचा सदस्यही होता. त्याच्या जीपमध्ये बाईमाणसाला जागा मिळायची ती शेवटी, उरलेल्या फटीत. पुढं गिअरच्या दांड्याशी बसायची वेळ आली तर उतरून चालत गेलेलं बरं, असं बायका आपापसांत बोलायच्या. मोठ्यानं कुणी बोलत नव्हतं.

आमच्या शेजारी आक्का राहायची. सगळी गल्ली तिला आक्काच म्हणायची. माहेर निपाणीकडचं, लिंगायत घर, चिडली की कानडीत बोलायची. नवरा जाऊन दहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. गावात शिरताना डाव्या हाताला, अगदी रस्त्याला लागून तिची तीस गुंठे जमीन होती. अर्ध्यात ऊस, अर्ध्यात भाजी. रोज सकाळी भाजीची पाटी डोक्यावर घेऊन ती फाट्यापर्यंत चालायची, बसनं कोल्हापुरात गंगावेशीत उतरायची आणि दुपारपर्यंत मंडईत बसायची. पंचेचाळिशीची, काटक, आणि बोलणं असं की समोरच्यानं आधीच एक पाऊल मागं सरकावं.

वडिलांचं बोलणं तिच्या कानावर गेलं. भिंत एकच होती. ती आमच्या दारात आली, आत न येता उंबऱ्याबाहेरच उभी राहिली आणि वडिलांना म्हणाली, "बस पोरीकडं येत न्हाय, तर पोरगी बसकडं जाईल. माझ्यासंगं. त्यात काय एवढं?"

वडील म्हणाले, आणि येताना? तर ती म्हणाली, येताना माझी पाटी रिकामीच असती, कॉलेज सुटलं की मंडईत येऊन बसू दे, दोघी मिळून येतो. वडिलांकडं दुसरं काही पुढं करायला नव्हतं. मी अकरावीला गेले.

जून ते ऑगस्ट आम्ही दोघी रोज ते दोन किलोमीटर तुडवले. गगनबावड्याकडून येणारा पाऊस आमच्याकडं पडायला लागला की तिरपाच पडतो, छत्री नुसती शोभेला. मी चपला हातात घ्यायची, वह्या पिशवीत गुंडाळून पोटाशी धरायची, आणि मेथीच्या चार पेंड्या आक्काच्या पाटीतून काढून काखेत घ्यायची, तेवढंच तिचं ओझं कमी म्हणून. ती पहिल्यांदा नको म्हणाली, मग स्वतःच काढून द्यायला लागली. वर्गातल्या शहरातल्या मुलींना माझ्या अंगाला मेथीचा वास येतो असं वाटायचं. येतच होता. मी बाकावर मुद्दाम मधोमध बसायची.

श्रावणात एका सकाळी, रस्त्याचं डांबर जिथं वाहून गेलं होतं तिथं आक्काचा पाय मुरगळला. पाटीसकट ती पडली. वांगी चिखलात गेली, दोडके ओढ्याकडं घरंगळले. मी तिला उठवून ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसवलं. पाय बघता बघता सुजला. तेवढ्यात मागून जीप आली. मी हात केला. गाडी थांबली. आत दोघांची जागा होती, मला स्पष्ट दिसत होती. चालवणारा स्वतः मालकच होता. त्यानं आक्काच्या लुगड्याकडं बघितलं, पाटीकडं बघितलं आणि म्हणाला, सीटला चिखल लागेल, मागची गाडी येतीय तिच्यात बसा. आणि गेला. मागची गाडी आली नाही.

आक्का रडली नाही आणि त्याला शिव्याही दिल्या नाहीत. तिनं लुगड्याचा काठ पिळला. मग मला विचारलं, "बस गावात का येत न्हाय गं?"

मी म्हणाले, येत नाही.

"ते मला बी ठावं हाय. का येत न्हाय? कुणी जाऊन इचारलंय काय कधी?"

मी आठवून बघितलं. गावात बस येत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. पाऊस तिरपा पडतो हे माहीत असतं तसंच. का ते कुणी विचारलं होतं असं मी कधी ऐकलं नव्हतं.

पाय बरा व्हायला आठ दिवस लागले, तेवढे दिवस माझं कॉलेजही बुडलं. नवव्या दिवशी मंडईतून उठून आम्ही दोघी बसच्या ऑफिसात गेलो. मी कॉलेजच्या ड्रेसमध्ये, आक्का रिकामी पाटी काखेत मारून. दारावरचा माणूस म्हणाला, भाजी नको. आक्का म्हणाली, विकायला आलो न्हाय, इचारायला आलोय.

आतले साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं. आक्का जमिनीवर बसायला लागली, तर खुर्चीवर बसा म्हणाले. मग त्यांनी सांगितलं की रस्त्याची अडचण नाही, दुरुस्ती झाली की रस्ता चालेल. अडचण वळायची आहे. तुमच्या गावातला चौक अरुंद, मध्ये पार आणि विहीर, शाळेची पोरं खेळत असतात, तिथं गाडी मागं घेणं धोक्याचं. वळायला मोकळी जागा असल्याशिवाय गावात गाडी घालता येत नाही. आणि मग, आम्हाला नीट समजावं म्हणून असेल, ते हसून म्हणाले, "मावशी, बस म्हणजे काय म्हैस नव्हे, कासरा ओढला की फिरायला."

आक्का हसली नाही. "म्हशीला बी फिरायला जागा लागतीच की, सायेब. तुमच्या बसला किती लागती, तेवढं सांगा."

साहेबांना ते सांगता येईना. आजवर त्यांना कुणी विचारलं नसावं. शेवटी ते म्हणाले, डेपोत जाऊन एखाद्या ड्रायव्हरला विचारा. बहुतेक आम्हाला वाटेला लावण्यासाठीच म्हणाले असतील. आम्ही डेपोत गेलो.

तिथं शाहूवाडीकडचे एक ड्रायव्हर होते, निवृत्तीला आलेले, मिशा पांढऱ्या. चहा पीत बसले होते. आक्कानं सगळं सांगितल्यावर त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, सांगून कळायचं नाही, दाखवतो. डेपोच्या मागं मोकळी ओली जमीन होती. त्यांनी एक रिकामी बस काढली आणि तिथं तिला एका दमात, मागं न घेता, गोल फिरवली. खाली उतरून चाकांच्या खुणा दाखवल्या. बाहेरचं पुढचं चाक कुठून गेलं आणि आतलं मागचं चाक कसं आत कापून आलं, ते त्यांनी पायानं रेघ ओढून समजावलं. म्हणाले, आणि हे बघा, चाकाच्या बाहेर बसचं नाक जातंय, ते धरायचं विसरू नका, न्हायतर कुणाचं तरी कुंपण मोडंल.

पाटी बांधायची काथ्याची दोरी आक्काजवळ होती. ती आडवी-उभी धरून आम्ही माप घेतलं, दोरीला गाठी मारल्या, आणि मी अकाउंटच्या वहीच्या शेवटच्या पानावर चित्र काढलं. अर्धं वळण रस्त्यावरच बसत होतं. बाकीच्याला साडेतीन गुंठे पुरत होते. घरी येताना आक्का बसमध्ये दोरीच्या गाठी पुन्हा मोजत होती. मग खिडकीतून रंकाळ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, थकली.

गणपती झाल्यावर देवळापुढं ग्रामसभा भरली. बायका असल्या सभेला जात नसत. त्या दिवशी आक्का गेली, आणि ती गेली म्हणून आमच्या गल्लीतल्या आठ-दहा जणी गेल्या. मी वही घेऊन गेले. सरपंचांनी बोल म्हटल्यावर मी उभी राहिले आणि बसच्या ऑफिसात काय झालं ते सांगितलं. वहीतलं चित्र सरपंचांपुढं धरलं. सांगून झाल्यावर जीपवाला सदस्य उठला. तो चांगलं बोलायचा. म्हणाला, बस यायला पाहिजे, कोण नको म्हणतंय. पण जागा कुठली? गायरान कधीच अतिक्रमणात गेलं. आता कुणाच्या शेतात वळवणार बस?

त्यानं सगळ्यांकडं फिरून बघितलं. ज्यांची रस्त्याकडेला जमीन होती ते चार-पाच जण खाली बघायला लागले.

"माझ्या," आक्का म्हणाली. "जागा मी देतो."

आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना असंच म्हणतात, मी येतो, मी जातो, मी देतो. पण त्या दिवशी त्या ‘देतो’ला असं काही वजन आलं की सरपंचांनी पुन्हा विचारलं, किती? साडेतीन गुंठे, ती म्हणाली. गावात शिरताना डाव्या हाताला. ऊस उभा हाय, दिवाळीनंतर तोडतो.

आक्काचा दीर पलीकडच्याच घरात राहायचा. आक्काला मूल नाही, तेव्हा तिच्या मागं ती जमीन आपल्या मुलांना येणार, असं त्यानं मनाशी धरलेलं. सभा उठायच्या आत तो तिच्या दारात येऊन थांबला होता. वैनी, तुमाला खूळ लागलंय काय, म्हणाला. आणखी बरंच बोलला, भावाचं नाव काढलं, देवाचं काढलं. आक्कानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच सांगितलं, की माझ्या मागं काय व्हायचं ते माझ्या मागं बघा, मी अजून हाय. त्यानंतर त्या घरानं दोन वर्षं तिच्याशी बोलणं टाकलं.

साडेतीन गुंठे उसासाठी कारखान्याची टोळी कशाला येईल? ऊस आम्हीच तोडला. दिवाळीनंतरच्या थंडीत, आक्का, मी, माझी आई आणि गल्लीतल्या सहा-सात जणी. मला कोयता धरायची सवय नव्हती. पहिल्या दिवशी तळहाताला फोड आले, दुसऱ्या दिवशी फुटले, आणि उसाच्या पाल्यानं गालावर ओरखडे उठले ते घेऊन मी कॉलेजला गेले. एका मुलीनं विचारलं, काय झालं गं? मी सांगितलं, बस वळवतोय. तिला काही कळलं नाही.

रस्त्यानं जाणारे पुरुष थांबून बघायचे. कुणी हसायचे, कुणी सल्ला द्यायचे. माझे वडील दोन दिवस त्या रस्त्यानं आलेच नाहीत, शेताकडून फिरून घरी जायचे. तिसऱ्या दिवशी आम्ही बुडखे उपटत होतो. उसाची मुळं खोल असतात, कुदळ उचलून उचलून आईचे हात भरून आले होते. वडील आले, आईच्या हातातली कुदळ घेतली आणि कामाला लागले.  संध्याकाळी घरी गेल्यावर त्यांनी मला पाणी मागितलं, तेव्हा माझ्या हाताकडं बघितलं आणि म्हणाले, उद्या तू अभ्यास कर, मी जातो. मी म्हणाले, दोन्ही करते. मी त्यांना इतकं सरळ कधी बोलले नव्हते.

मुरूम टाकला, घमेल्यांनी पसरला, पाणी मारून धुमसानं चोपला. तोवर रस्त्यावरचे वाहून गेलेले खड्डेही बुजवून झाले होते, मग मी अर्ज लिहिला. खाली बायकांच्या सह्या, आणि सह्यांपेक्षा अंगठेच जास्त. साहेबांनी खरंच पाहणीसाठी गाडी पाठवली. अर्धं गाव बघायला आलं. बस आली, वळायला लागली, आणि अर्ध्यात मागचं चाक मुरमात रुतलं. ते बाहेर काढायला दोन बैलजोड्या लावाव्या लागल्या. बरोबर आलेल्या तपासनिसानं कागदावर काहीतरी लिहिलं आणि आमच्याकडं न बघता गाडीत जाऊन बसला. जागा अयोग्य, असा शेरा आहे हे आम्हाला चार दिवसांनी कळलं. जीपवाला त्या दिवशी रस्त्याकडेला बॉनेटला टेकून उभा होता. बैल जुंपलेले बघत होता. 

शेरा कळला त्या रात्री मला वाटलं, संपलं. सकाळी आक्का नेहमीसारखी पाटी घेऊन दारात. वाटेत म्हणाली, चाक रुतलं म्हंजी माती मऊ हाय. माती मऊ हाय म्हंजी दाबाय पायजे. तिच्या डोक्यात एवढंच होतं. अयोग्य हा शब्द तिनं ऐकलाच नव्हता, किंवा ऐकून बाजूला ठेवला होता.

मुख्य रस्त्यावर तेव्हा डांबरीकरण चाललं होतं. रोलर चालवणाऱ्याला आक्कानं गाठलं. पावणं, म्हणाली, तुमच्या साहेबाला इचारा आणि एक दुपार आमच्या गावाला द्या. काय बोलली, कसं बोलली, मला माहीत नाही. मी कॉलेजात होते. पण दुपारी फाट्यावर न्यायला आलेल्या आईबरोबर परत आले तर रोलर आमच्या जागेवर फिरत होता, रस्त्याच्या कामातून उरलेली खडी खाली दाबली जात होती, आणि झाडाखाली त्या माणसासाठी झुणका, भाकरी, खर्डा आणि दह्याचं वाडगं झाकून ठेवलेलं होतं.

दुसऱ्या पाहणीला गाडी घेऊन शाहूवाडीचे तेच ड्रायव्हर आले. त्यांनी आधी खाली उतरून जमिनीवर टाच आपटून बघितली. मग बस फिरवली, एकदा, पुन्हा एकदा, आणि तिसऱ्यांदा उगीचच. तपासनीस म्हणाला, पुरे.

माघात बस सुरू झाली. सकाळी एक फेरी, दुपारी एक, संध्याकाळी एक. पहिल्या सकाळी आम्ही सगळ्या जागेवर जाऊन बघतो, तर गोलाच्या बरोबर मधे दोन्ही जीप उभ्या. मालक एकीच्या पायरीवर बसून दात घासत होता.

बस आली आणि रस्त्यावरच थांबली. चालवायला तेच ड्रायव्हर. त्यांनी डोकं बाहेर काढून सांगितलं, मला वळता येत नाही, जागा मोकळी नसेल तर परत जाऊन तसं कळवावं लागेल. सरपंच आले. जीपवाला शांतपणे म्हणाला, आक्कानं जागा गावाला दिली ना? मग ती आता गावाची. मी गावातलाच हाय. गावच्या जागेत माझी गाडी उभी केली, तर कुणाच्या बापाचं काय गेलं?

बोलणं बिनतोड होतं. सरपंच जीपभोवती एक फेरी मारून परत येऊन उभे राहिले. 

आक्कानं पाटी खाली ठेवली. "दिली म्हंटलो. कागूद अजून कुठं झालाय? सात-बारा माझ्या नावावर हाय. शेत माझं हाय. आणि शेतात मी काय करायचं, ते मीच ठरवणार."

ती घराकडं गेली आणि कुदळ घेऊन आली. पहिल्या जीपच्या पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर तिनं पहिला घाव घातला. रोलरनं दाबलेली जमीन, ठिणग्या उडाल्यासारखा आवाज झाला. तिनं दुसरा घातला. जीपवाला ब्रश तोंडात तसाच ठेवून बघत होता. काय करतीस, म्हणाला. सरी सोडतो, ती म्हणाली, उसाची लागण करायची हाय. तुझ्या गाडीच्या चारी बाजूनं सरी सोडतो, पाणी पाजतो, आणि पुढच्या साली ऊस तोडल्यावर ये, गाडी घेऊन जा.

माझी आई घरी जाऊन दुसरी कुदळ घेऊन आली. मग कुणी खोरं आणलं, कुणी टिकाव. दुसऱ्या जीपच्या मागं मी खणायला लागले, दप्तर पाठीवर तसंच. आम्ही आमच्याच हातांनी केलेली जागा आम्हीच उकरत होतो, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. खड्डा काय, उद्या भरता येतो.

मी एकदा बसकडं बघितलं. परत जायची वेळ केव्हाच होऊन गेली होती. ड्रायव्हरनी इंजिन बंद केलं होतं, बॉनेट उघडून आत डोकावत होते. कंडक्टरनं विचारलं, काय झालं? तर म्हणाले, गाडी गरम झालीय, थंड व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागतील. माघातली सकाळ होती, तोंडातून वाफ निघत होती.

चर वीतभर खोल झाला तेव्हा जीपवाला उठला. चूळ भरली, दोन्ही गाड्या एकेक करून बाहेर काढल्या. जाताना आक्काला म्हणाला, तुझ्या हट्टापायी माझ्या पोटावर पाय आला. आक्का दमली होती. कुदळीवर भार देऊन उभी होती. ती म्हणाली, "सीटला चिखल लागंल म्हनून मला सोडून गेलास तवा माझ्या बी पोटाचाच बाजार त्या पाटीत होता." त्याला तो दिवस आठवला की नाही, माहीत नाही.

बायकांनी चर बुजवला, पायांनी तुडवला. बॉनेट बंद झालं. बस आत आली, वळली, आणि आम्ही बसलो. आक्काची पाटी ड्रायव्हरच्या मागं ठेवली. पहिला तास चुकला माझा. मास्तरांनी उशीर का झाला विचारलं, तेव्हा मी खरं सांगितलं आणि बाकावर उभी राहिले. शिक्षा कसली, मला तिथून सगळा वर्ग दिसत होता.

त्या बसनं मी बारावी केली, बी. कॉम. केलं, आणि शहरातल्या एका ऑफिसात नोकरीला लागले. माझ्या मागून गल्लीतल्या पोरी जायला लागल्या. आधी एक, मग दोघी, मग आई-बापांनी बसकडं बोट दाखवून नाही म्हणायचं बंद केलं. दुसरी कारणं सांगायला लागले. त्याच्याशी ज्या त्या पोरीनं भांडायचं होतं. शाहूवाडीचे ड्रायव्हर निवृत्त झाले, जाताना आक्काकडून दोडके घेऊन गेले. जीपवाल्यानं पुढं जीप विकून ट्रॅक्टर घेतला. तो काही उपाशी मेला नाही.

दोन हजार सालानंतर गावात मोटरसायकली आल्या. घरटी एक, मग घरटी दोन. बस रिकामी पळायला लागली. तीनच्या दोन फेऱ्या झाल्या, दोनाची एक, आणि एका जूनमध्ये तीही बंद झाली. मी तेव्हा लग्न होऊन शहरात फुलेवाडीत राहत होते. एका रविवारी माहेरी गेले, तर आक्का आमच्या घराच्या पुढच्या सोप्यात कोरा कागद घेऊन बसलेली. अर्ज लिही म्हणाली.

ती साठीला आली होती. मंडईत बसणं दोन वर्षांपूर्वीच सोडलं होतं. मी विचारलं, आक्का, आता तुला कुठं जायचं असतं बसनं? माझे वडील तिथंच होते, तेही म्हणाले, आता प्रत्येकाच्या दारात गाडी आहे, बस तोट्यात चालते, कोण चालू ठेवणार?

आक्कानं त्यांना विचारलं, "दारातली गाडी कुणाची हाय? पोराची. पोराला मोटरसायकल घेत्यात. पोरीला कोण घेतंय?"

वडिलांनी पेन माझ्याकडं सरकवलं. मी अर्ज लिहिला. या वेळी खाली अंगठे कमी आणि सह्या जास्त होत्या. मी स्वतः दोनदा ऑफिसात गेले, रजा टाकून. टेबलापलीकडं नवे साहेब होते, त्यांनीही तोटा हाच शब्द काढला. मी म्हणाले, तोटा कुणाचा ते आधी ठरवू या, आणि अर्ध्या तासात मला जे बोलायचं होतं ते सगळं बोलले. सकाळची आणि संध्याकाळची अशा दोन फेऱ्या परत सुरू झाल्या. पोरींच्या कॉलेजच्या वेळेला.

पण तोवर दिराच्या मुलांची नजर जागेवर पडली होती. रस्त्याकडेची जागा, गाळे काढले तर सोन्यासारखे जातील. बस आज ना उद्या बंदच पडणार, मग कशाला अडवून ठेवायची जागा, असं ते आक्काला येता-जाता सांगायचे. गोड बोलून सांगायचे, म्हणून आक्काला जास्त धास्ती. एका रविवारी मी माहेरी मुक्कामाला होते, तेव्हा ती मला म्हणाली, उद्या कागूद करून टाकू. ग्रामपंचायतीच्या नावानं बक्षीसपत्र. एक साक्षीदार तू.

दुसऱ्या दिवशी आम्ही सकाळच्या बसनंच शहरात गेलो. दस्त लिहिणारा माणूस अनुभवी होता आणि मनानं चांगला. त्यानं सगळं विचारून घेतलं, मसुदा लिहिला आणि मग पेन थांबवून म्हणाला, आजी, तुमच्या फायद्याचं एक सांगतो. एक अट घालून ठेवू या. बस कायमची बंद झाली तर ही जागा तुम्हाला किंवा तुमच्या वारसांना परत मिळेल. सगळे घालतात. नाहीतर बसही गेली आणि जागाही गेली असं व्हायचं.

मला ते बरोबर वाटलं. मी आक्काकडं बघितलं.

"ती अट घालू नका," आक्का म्हणाली. "वारसास्नी जागा माघारी मिळणार म्हंटल्यावर ते बस बंद पाडायलाच बसत्यात."

त्यानं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि लिहिलेली अर्धी ओळ खोडली. पुन्हा सुवाच्य अक्षरात सगळा कागद लिहून काढला. आक्कानं अंगठा उठवला, मी सही केली. काम आटपायला दुपार झाली. संध्याकाळच्या फेरीला अजून तीन तास होते. आक्का म्हणाली, मंडईत जाऊ, माझ्या जागेवर आता कोण बसतंय बघू. तिच्या जागेवर एक तरुण बाई बसली होती, पुढ्यात कोथिंबीर. आक्कानं तिला विचारलं, कुठल्या गावची? तिनं सांगितलं. बस येते काय गावात, आक्कानं विचारलं. फाट्यापर्यंत येते, ती बाई म्हणाली.

आक्का तिच्याशेजारी खाली बसली.